हातचा

महापे एमआयडीसी, गाळा नंबर क-चौदा.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातला वजनकाटा
टेबलावर पालथा पडलाय, पोट उघडं.
त्यातला जुना प्रोग्राम मी काढून घेतला
आणि आता तो चालतोय एका यंत्रात
जे कुठंच नाही.

काळा पडदा. लुकलुकती रेघ.
मी लिहिते : स्टेप.
ते एक पाऊल टाकतं, थांबतं,
सगळे खिसे उलटे करून दाखवतं.
ए-मध्ये इतकं, बी-मध्ये इतकं, हातचा शून्य.
पुढं जाऊ का, विचारतही नाही. नुसतं थांबतं.
माझ्याशी इतक्या सरळ
घरातलंही कुणी बोलत नाही.

तक्रार द्रौपदा मढवीची. कोपरखैरण्याला टोपली लावते.
"गोनीमागं एक कांदा कमी येतं गो.
मोठा नाय. आमटीपुरता."
मालक हसले.
दरवर्षी वैधमापनवाले येतात,
पन्नास किलोचं वजन ठेवतात,
काटा पन्नास दाखवतो,
शिक्का मारून, चहा पिऊन जातात.
पासंगाला म्हणून जागा नाही.

मग मी नसलेल्या काट्यावर नसलेली गोणी ठेवली.
पन्नास. स्टेप, स्टेप, स्टेप. बरोबर.
परत पन्नास. बरोबर.
संध्याकाळी पारसिकच्या डोंगरामागं ऊन गेलं
तेव्हा निव्वळ कंटाळून
एकोणपन्नास ठेवली.

एकोणपन्नास किलो शंभर ग्रॅम.

मी गोठिवलीची.
आमच्या गावठाणात घरांना नंबर नव्हते :
चिंचेखालचं, विहिरीवरचं, मुक्या तात्याचं,
एवढ्यावर पत्र पोचायचं.
मग सिडको आली. सेक्टर, प्लॉट, नोड.
हा प्रोग्राम लिहिणाऱ्यानंही नावं ठेवली असणार,
'गोणी', 'तागडी', काहीतरी.
चिपमध्ये शिरताना ती पुसली गेली.
उरले पत्ते.
शून्य-दोन-चार-एक, शून्य-दोन-चार-चार,
एकेका दारात उभं राहून मी विचारतेय
इथं आधी कोण राहायचं?

शून्य-दोन-चार-चारला थांब, असं सांगून ठेवलं.
गोणी आली. थांबली.
मागच्याच ओळीत तुलना झालेली : पन्नासाहून कमी?
कमी असलं की ही चिप आपणहून
हातचा एक धरते.
पुढं बेरीज आहे, हातच्यासकट.
तिसरीत वारंगबाईंनी मला ह्याच्यासाठीच
फळ्याजवळ उभं केलं होतं :
नवं गणित मांडलंस, हेमांगी,
मागचा हातचा कोण पुसणार?

एक. म्हणजे शंभर ग्रॅम.
म्हणजे कांदा, आमटीपुरता.

विसरला असेल, म्हटलं. माणूस आहे.
रात्री जागून लिहिलं असेल,
वागळे इस्टेटच्या कुठल्या माळ्यावर, डोळे चोळत.
आणि मग त्या पत्त्यावर नीट पाहिलं.

तुलना आणि बेरीज ह्यांच्या मधोमध
शून्य-शून्य.
काही करू नको, पुढं चल, एवढाच त्याचा अर्थ.
साऱ्या प्रोग्रामात अशी ओळ दुसरी नाही.
एका बाइटची जागा.
हातचा पुसायची आज्ञाही
मोजून एकाच बाइटची.

विसरलेल्या ओळीला जागा नसते.
काढलेल्या ओळीची जागा राहते,
चिंच तोडली तरी
चिंचेखालचं घर म्हणतात तशी.

आणि पन्नासचं वजन कोण ठेवतं,
एकोणपन्नासची गोणी कोण उचलतं,
हे ठाऊक असलेल्या माणसानं काढली ती.

तिथं मी सी-तीन लिहिलं.
एकोणपन्नास ठेवली.
एकोणपन्नास आली.

मालकांना दाखवलं.
चष्मा काढून त्यांनी पडदा पाहिला,
चष्मा लावून परत पाहिला.
"हा एक दे करून," म्हणाले,
"बाकीचे आले की बघू."
आणि डबा घेऊन निघून गेले.

रॅकवर त्याच कंपनीचे अकरा आहेत.
दुरुस्तीला नाही,
काच बदलायला आलेले.
मी स्क्रूड्रायव्हर शोधते.
रेघ लुकलुकतेय.
तिला कुठं थांबायचं ते मी आधीच सांगितलंय.